पंप रोज घेतला, मग पुढे काय? शहरातल्या किशोरांचा दमा

दमा असलेल्या मुलाला घेऊन डॉक्टरकडे गेलं की बोलणं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतं. "पंप रोज घेतोस का?" डॉक्टर विचारतात. मुलगा आईकडे बघतो, आई मुलाकडे बघते आणि "घेतो की" असं काहीतरी उत्तर येतं. मग त्या उत्तरावर विश्वास ठेवायचा की नाही यातच भेटीची वेळ संपते. त्याहून अवघड प्रश्न मागेच राहतो. समजा, तो खरंच रोज घेतोय. मग किती फरक पडायला हवा? आणि एवढं करूनही त्रास उरला, तर तो कशामुळे? औषध वाढवायचं, एखादी नवी तपासणी करायची, की घरातली झुरळं मारायची?

या प्रश्नांची बरीच नेमकी उत्तरं अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांमधून आली आहेत. तिथे मुलांचा दमा ही जुनी आणि जीवघेणी समस्या आहे. न्यूयॉर्कचं ब्राँक्स, बाल्टिमोर, शिकागो यांसारख्या ठिकाणी कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना दमा जास्त होतो आणि त्यासाठी इस्पितळात भरती व्हायची वेळही त्यांच्यावर जास्त येते. जुनी, ओल धरणारी घरं, झुरळं, उंदीर, खिडकीखालून जाणारे ट्रक, घरातला सिगारेटचा धूर, ठरलेला डॉक्टर नसणं अशी कारणं एकात एक गुंतलेली असतात. म्हणूनच १९९० च्या दशकापासून तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या वस्त्यांमधल्या दम्यावर सलग संशोधन करायला पैसा दिला. त्यातला एक प्रयोग नेमका आपल्या प्रश्नावर होता. त्याच्याकडे वळण्याआधी दम्यात छातीत काय होतं ते पाहू.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. ही सूज त्रास नसतानाही थोडीफार टिकून राहते आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. सुजलेल्या नळ्या हळव्या होतात. धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचा विषाणू, जोरात हसणं असं काहीही निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो, वाट अरुंद होते आणि छातीतून सूं सूं आवाज येऊ लागतो. आवळलेला स्नायू काही मिनिटांत सैल करता येतो. सूज उतरायला मात्र दिवस आणि आठवडे लागतात.

म्हणून औषधंही दोन प्रकारची. सालब्युटामॉलचा, बहुतेक ठिकाणी निळा दिसणारा पंप स्नायू सैल करतो. लगेच बरं वाटतं आणि चार-सहा तासांनी परिणाम ओसरतो. सुजेला तो हातही लावत नाही. दुसरा पंप बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन यांसारख्या स्टिरॉइडचा. तो घेतल्यावर त्या क्षणी काहीच जाणवत नाही, पण रोज घेतला तर सूज उतरते आणि हळवेपणा कमी होतो. किशोरवयीन मुलांचा सगळा पेच इथे आहे: जे औषध काम करताना जाणवतं ते मूळ आजारावर चालत नाही, आणि जे चालतं ते घेतल्याचं कळतही नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने यातलं कुठलं औषध विसरावं याचा अंदाज करायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

आता सूज किती आहे हे कळायचं कसं? त्रासावरून अंदाज बांधता येतो, फुंकून घेतलेल्या चाचणीत फुप्फुसांची ताकद मोजता येते, पण या दोन्ही गोष्टी सुजेच्या सावल्या आहेत. सूज थेट मोजता आली तर औषध अगदी बेतून देता येईल, असं डॉक्टरांना फार वर्षांपासून वाटत होतं. १९९१ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांना माणसाच्या उच्छ्वासात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सापडला. १९९३ मध्ये दिसलं की दमेकऱ्यांच्या उच्छ्वासात तो जास्त असतो. ॲलर्जीतून येणारी सूज असली की श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी हा वायू जास्त तयार करतात, आणि स्टिरॉइड सुरू केलं की त्याचं प्रमाण उतरतं. याच रेणूच्या शरीरातल्या कामाबद्दल १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, पण ते रक्तवाहिन्यांच्या संदर्भात; दम्याशी त्याचा थेट संबंध नव्हता.

मोजण्याची पद्धत एकदम सोपी. एका नळीत एकसारखी, सावकाश फुंकर मारायची. यंत्र आकडा दाखवतं, अब्ज भागांत किती भाग असा. अमेरिकन वक्षरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये दिलेल्या ढोबळ मर्यादा अशा: १२ वर्षांखालच्या मुलांत २० पेक्षा कमी आणि मोठ्यांत २५ पेक्षा कमी म्हणजे ॲलर्जीची सूज फारशी नाही; मुलांत ३५ च्या वर आणि मोठ्यांत ५० च्या वर म्हणजे ती भरपूर आहे. सुई नाही, रक्त नाही, दोन मिनिटांचं काम. कल्पना इतकी सुबक होती की ती चालायलाच हवी असं वाटावं.

ती खरंच चालते का हे पाहण्यासाठी बॉस्टन, शिकागो, डॅलस, डेन्व्हर यांसारख्या शहरांतल्या १० केंद्रांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष सप्टेंबर २००८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. कायम त्रास देणारा दमा असलेली, १२ ते २० वर्षांची, गरीब वस्तीत राहणारी ७८० मुलंमुली तपासली गेली. सगळ्यांना आधी ३ आठवडे प्रमाणित उपचारांवर ठेवलं. त्या काळात ज्यांनी औषध नीट घेतलं आणि जे बाकीच्या निकषांत बसले, असे ५४६ जण पुढच्या टप्प्यात घेतले.

ही चाळणी मुद्दाम लावलेली होती. औषध न घेणाऱ्यावर नव्या तपासणीचा उपयोग मोजण्यात अर्थ नसतो. आकडा वाढलेला दिसला तर सूज जास्त आहे म्हणायचं, की पंप कपाटात पडून आहे म्हणायचं, हे कळणार कसं? उलट, घेणारेच निवडले की प्रश्न स्वच्छ होतो.

मग या ५४६ जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाचं औषध नेहमीच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, म्हणजे त्रास आणि फुप्फुसांची ताकद पाहून, कमी-जास्त केलं. दुसऱ्या गटात तेच सगळं पाहिलं, पण वर नायट्रिक ऑक्साइडचा आकडाही हिशेबात धरला. आपण कुठल्या गटात आहोत हे ना मुलांना माहीत होतं, ना त्यांना तपासणाऱ्यांना. हे ४६ आठवडे चाललं.

निकाल असा. नवी तपासणी वापरलेल्या गटात दर दोन आठवड्यांत सरासरी १.९३ दिवस त्रासाचे निघाले, नेहमीच्या गटात १.८९ दिवस. म्हणजे काहीच फरक नाही. फुप्फुसांची ताकद सारखीच, दम्याचे झटकेही जवळपास सारखेच. एका बाबतीत मात्र फरक पडला: नव्या तपासणीच्या गटातल्या मुलांना रोज सरासरी ११९ मायक्रोग्रॅम जास्त स्टिरॉइड ओढावं लागलं. यंत्र आलं, औषध वाढलं, आणि मुलांच्या पदरात जास्तीचं काही पडलं नाही.

या निकालाची बातमी साहजिकच 'तपासणी निरुपयोगी' अशी झाली. माझ्या मते त्या कागदावरची खरी बातमी दुसरी होती. दोन्ही गटांचे आकडे पुन्हा पाहा: चौदा दिवसांतले जेमतेम दोन दिवस त्रासाचे. ही मुलं अमेरिकेतल्या दम्याच्या सर्वांत वाईट वस्त्यांमधली. घरं बदलली नव्हती, ट्रक थांबले नव्हते. तरी साधी, जुनी औषधं नियमित मिळाली, दर काही आठवड्यांनी कोणीतरी नीट विचारपूस केली, पंप धरायची पद्धत तपासली, तेवढ्यावर बहुतेकांचा दमा चांगला आटोक्यात राहिला. संशोधकांनीही आपल्या निष्कर्षात हेच आधी मांडलं आहे. नव्या यंत्राला सुधारायला जागाच फार उरली नव्हती.

जास्तीच्या औषधाने जास्तीचा फायदा का झाला नाही, याचं कारण पंपातून ओढायच्या स्टिरॉइडच्या स्वभावात आहे. मोठ्यांवरच्या अभ्यासांतून दिसलं आहे की फ्लुटिकासोनच्या बाबतीत मिळू शकणाऱ्या एकूण फायद्यापैकी ८० ते ९० टक्के फायदा दिवसाला २०० ते २५० मायक्रोग्रॅममध्येच मिळून जातो. रान पुरेसं भिजल्यावर मोट चालूच ठेवली तर पाणी बांधावरून वाहून जातं, तसं पुढच्या डोसचं होतं. आणि नायट्रिक ऑक्साइडचा आकडा नुसता दम्याने वाढत नाही. नाकाची ॲलर्जी असली, अंगातच ॲलर्जीचा कल असला तरी तो चढलेला राहतो. सिगारेट ओढणाऱ्याचा उलट उतरतो. औषध नीट घेणाऱ्या मुलाचा आकडा तरीही चढा असेल, तर औषध कमी पडतंय असाच त्याचा अर्थ होत नाही.

यावर पुढेही काम झालं. मुलांवरचे असे बरेच प्रयोग एकत्र ठेवून पाहिल्यावर झटके काहीसे कमी होतात असं दिसलं, पण रोजच्या त्रासात फरक नाही. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ५०९ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ही तपासणी जोडून झटक्यांतही फरक पडला नाही: तपासणी जोडलेल्या गटात ४८.२ टक्के मुलांना झटका आला, नेहमीच्या गटात ५१.४ टक्के. तपासणी वाया गेली असं मात्र नाही. दमा आहे की नाही हे ठरवायला ती उपयोगी पडते; ब्रिटनच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ५ ते १६ वर्षांच्या मुलांत ३५ चा आकडा निदानासाठी धरलेला आहे. महागडी जैविक इंजेक्शनं कोणाला लागू पडतील याचा अंदाज घ्यायलाही ती वापरतात. रोजचा डोस ठरवायला मात्र तिच्यावर विसंबून राहू नये, एवढंच.

जास्तीचं स्टिरॉइड फुकट नसतं, हे इथेच सांगायला हवं, कारण आपल्याकडे पालकांची भीती नेमकी याच शब्दापाशी असते. अमेरिकेत ५ ते १३ वर्षांच्या हजाराहून जास्त मुलांवर झालेल्या एका दीर्घ प्रयोगात ज्यांनी चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड ओढलं, त्यांची मोठेपणीची उंची औषध न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. सव्वा सेंटिमीटर. ही किंमत खरी आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण तिच्या दुसऱ्या बाजूला रात्री बसून काढणं, बुडालेली शाळा, तोंडाने घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचे कोर्स आणि क्वचित जिवावर बेतणारा झटका आहे. गोळ्यांच्या एका छोट्या कोर्समध्ये जेवढं स्टिरॉइड अंगभर फिरतं, त्याच्या तुलनेत पंपातलं फारच थोडं रक्तात उतरतं. म्हणून हिशेब असा करायचा: लागेल तेवढं न चुकता, आणि लागेल त्याच्या वर नाही.

आता उरलेल्या दोन दिवसांकडे वळू. सगळं नीट करूनही जो त्रास राहतो, तो कुठून येतो?

पहिला संशयित झुरळ. आपल्याला झुरळाची किळस येते, पण त्याचा दम्याशी संबंध फारसा कोणी लावत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ८ शहरांमधल्या ४७६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३६.८ टक्के मुलांना झुरळाची ॲलर्जी होती. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ३४.९ टक्के आणि मांजराची २२.७ टक्के. निम्म्या झोपायच्या खोल्यांमध्ये झुरळांची ॲलर्जी जागवणारी धूळ भरपूर सापडली. ज्या मुलांना ॲलर्जी होती आणि ज्यांच्या खोलीतही ती धूळ जास्त होती, त्यांना वर्षाला सरासरी ०.३७ वेळा इस्पितळात भरती करावं लागलं, बाकीच्यांना ०.११ वेळा. म्हणजे तिपटीहून जास्त. झुरळाची विष्ठा, लाळ, झडलेली कात यांची भुकटी धुळीत मिसळते आणि झुरळ मेल्यावरही महिनोन्‌महिने टिकते. म्हणून नुसता फवारा मारून उपयोग नाही, आणि फवाऱ्याचा वास स्वतःच दम्याला निमित्त ठरतो. जेलचे ठिपके, फटी बुजवणं, रात्री उष्टी भांडी न ठेवणं आणि मग ओल्या फडक्याने पुसून घेणं, हा क्रम चालतो.

असं घर सुधारल्याने खरंच फरक पडतो का, हेही मोजलं गेलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५ ते ११ वर्षांच्या ९३७ मुलांवरच्या प्रयोगात प्रत्येक मुलाला ज्याची ॲलर्जी तेवढ्यापुरते बदल घरात केले: गाद्या-उशांना न गळणारे अभ्रे, हवा गाळणारं यंत्र, झुरळांचा बंदोबस्त, धूर बंद. पहिल्या वर्षात दोन आठवड्यांमागे त्रासाचे दिवस ३.३९ राहिले, ज्यांच्या घरी बदल केले नाहीत त्यांच्याकडे ४.२०. दुसऱ्या वर्षी बदल करणारी माणसं घरी येणं थांबलं होतं, तरी फायदा टिकून होता.

दुसरा संशयित सर्दी. उत्तर अमेरिकेत दरवर्षी सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्यावर दोन-तीन आठवड्यांत मुलांच्या दम्याच्या झटक्यांची लाट येते. सुट्टीत पंपाला विश्रांती मिळालेली असते, वर्गात सगळे पुन्हा एकत्र येतात, आणि साध्या सर्दीचा विषाणू ॲलर्जीने आधीच हळव्या झालेल्या नळ्यांवर जाऊन बसतो. नुसती ॲलर्जी किंवा नुसती सर्दी एवढं करत नाही. दोन्ही एकत्र आल्या की झटका येतो.

हे कळण्यात नायट्रिक ऑक्साइडचा प्रयोग करणाऱ्या संशोधक गटाच्याच पुढच्या प्रयोगाचा मोठा हात आहे. ६ ते २० वर्षांच्या ४१९ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत ६० आठवडे ओमालिझुमॅबची इंजेक्शनं किंवा नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन दिलं. ओमालिझुमॅब हे ॲलर्जीच्या प्रतिपिंडाला रक्तातच धरून ठेवणारं औषध आहे. २०११ मध्ये निकाल आला: त्रासाचे दिवस दोन आठवड्यांमागे १.९६ वरून १.४८ झाले. एक किंवा अधिक झटके येणाऱ्यांचं प्रमाण ४८.८ टक्क्यांवरून ३०.३ वर आलं. आणि शरद ऋतूत दरवर्षी येणारी झटक्यांची लाट इंजेक्शन घेणाऱ्यांत जवळपास सपाट झाली. झुरळाची ॲलर्जी असून घरात झुरळं असणाऱ्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. औषध महाग आहे, दर दोन किंवा चार आठवड्यांनी टोचून घ्यावं लागतं, म्हणून ते सगळ्यांसाठी नाही. पण नेहमीचं औषध नीट घेऊनही ज्याला वारंवार झटके येतात, त्याला याबद्दल छातीच्या डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

इथे वयाचा प्रश्न येतो. लहानपणी दमा मुलांना जास्त असतो. वयात येताना पारडं फिरतं आणि मोठेपणी बायकांना जास्त असतो. काही मुलींना पाळीच्या आसपास त्रास वाढतो, आणि हे त्या आपणहून डॉक्टरांना सांगत नाहीत, विचारावं लागतं. वजन खूप वाढलेलं असलं तर दमा आवरायला जड जातो. सिगारेट आणि व्हेपिंगही याच वयात सुरू होतं. आणि याच वयात औषधाची जबाबदारी आईकडून मुलाकडे जाते. बहुतेक घरांत ती सोपवली जात नाही, नुसती सुटते. आई म्हणते, आता तू मोठा झालास. मुलगा म्हणतो, बरं. आणि दोन महिन्यांनी कळतं की पंपावरचा डोस मोजणारा आकडा हललेलाच नाही.

त्यावर उपाय पाळत ठेवण्याचा नाही. पंप टूथब्रशशेजारी ठेवणं, सकाळ-रात्रीच्या दोन डोसांऐवजी जमत असेल तर डॉक्टरांना विचारून एकच डोस करून घेणं, आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून आकडा पाहणं, एवढं पुरतं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात शाळेच्या नर्सने रोज सकाळी प्रतिबंधक औषधाचा डोस देण्याचा उपक्रम राबवला गेला, आणि त्यातल्या मुलांचे त्रासाशिवायचे दिवस वाढले. आपल्याकडच्या शाळांत नर्स कुठली. पण निदान दप्तरात निळा पंप ठेवायला आणि धावण्याच्या तासाआधी तो घ्यायला मुलाला लाज वाटू नये, इतकं तरी वर्गशिक्षकांशी बोलून ठेवता येतं.

डोस विसरणाऱ्या किशोरांसाठी आणखी एक मार्ग निघाला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत सौम्य दमा असलेल्या १२ वर्षांवरच्या रुग्णांना त्रास होईल तेव्हाच घ्यायला एकच पंप दिला. त्यात बुडेसोनाइड आणि झटपट काम करणारं फॉर्मोटेरॉल अशी दोन्ही औषधं होती. त्यातल्या एका प्रयोगात नुसता त्रासापुरता जुना पंप वापरणाऱ्यांच्या तुलनेत गंभीर झटके जवळपास ६४ टक्क्यांनी कमी झाले. कारण उघड आहे: त्रास झाला की हात पंपाकडे जातोच, आणि आता त्या प्रत्येक वेळी थोडं स्टिरॉइडही आत जातं. दम्यावरच्या 'गिना' या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून १२ वर्षांवरच्या कोणालाही फक्त सालब्युटामॉलवर ठेवू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. आपल्या मुलाकडे आज फक्त निळा पंप असेल आणि तो महिन्याला एक संपत असेल, तर असा दोन्ही औषधांचा पंप चालेल का, हा पुढच्या भेटीत विचारायचा पहिला प्रश्न.

मुंबई-ठाण्यातल्या, पुण्यातल्या घरांना या सगळ्यातलं बरंच काही परकं नाही. जुन्या इमारतीतली झुरळं, पावसाळ्यात भिंतींना धरणारी बुरशी, संध्याकाळची मच्छर कॉइल, देवघरातला धूप, दिवाळीचा धूर, खाली सतत चालणारं बांधकाम. वर 'पंपाची सवय लागते' ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली समजूत. तिचा उलट परिणाम असा होतो की सवय लागेल म्हणून रोजचा पंप टाळला जातो, आणि मग निळ्या पंपाशिवाय घराबाहेर पडता येत नाही. सिरप आणि गोळ्या लोकांना सौम्य वाटतात. खरं तर त्यातलं औषध साऱ्या अंगात फिरून मग छातीत पोचतं, म्हणून डोसही मोठा लागतो.

औषध 'घेतो' म्हणणाऱ्यांतले बरेच जण ते खरंच घेतात, पण ते घशातच राहतं. फवाऱ्याच्या पंपाला आधी हलवायचं, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबताना सावकाश आणि खोल ओढायचं, दहा सेकंद रोखायचं. दुसरा डोस लागत असेल तर थोडं थांबून पुन्हा हलवायचं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला तर दाबणं आणि ओढणं यांचा मेळ घालावा लागत नाही. तो लहान मुलांपुरताच असतो हा गैरसमज आहे. कॅप्सूल घालून ओढायच्या रोटाहेलरचं नेमकं उलट: तिथे जोरात, झटक्यात ओढावं लागतं, नाहीतर पावडर कॅप्सूलमध्येच राहते. स्टिरॉइडनंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरे डाग येतात. पुढच्या भेटीला पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला सांगा. नायट्रिक ऑक्साइडच्या यंत्राआधी ही तपासणी व्हायला हवी, आणि ती फुकट आहे.

घरच्या घरी हिशेब ठेवायला चार प्रश्न पुरे. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त त्रास झाला का, रात्री त्रासाने जाग आली का, निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का, खेळणं-चढणं टाळावं लागलं का. चारही उत्तरं 'नाही' असतील तर दमा आटोक्यात आहे. तीन-चार 'हो' असतील आणि औषध खरंच रोज, नीट पद्धतीने जात असेल, तर डॉक्टरांनी उपचार बदलायची वेळ आली आहे. आणि बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा निळा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर प्रश्न मोजत बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं.

दोन-तीन महिने सगळं शांत राहिलं की डॉक्टर डोस उतरवून पाहू शकतात, आणि पालकांनी हे स्वतःहून विचारावं. फक्त मुहूर्त जपून निवडावा: बोर्डाच्या परीक्षेच्या आधी नको, घरात सर्दी फिरत असताना नको, शाळा उघडायच्या आणि पाऊस लागायच्या तोंडावर तर नकोच. एकदम बंदही करायचं नाही. डोस एक पायरी उतरवायचा, पुन्हा चार प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवायची, आणि ती वही घेऊन पुढची भेट.